तिसऱ्यांदा ठेवलेलं बोट

धुळे, जानेवारी १९३१. बुधवार, संध्याकाळ

लिहायलाही लाज वाटते. मार्थाला इथून जवळच्या साक्रीच्या एका मास्तरांचं स्थळ आलंय, आणि पुण्याला नर्सचं शिक्षण घ्यायला ये, असं पत्रही आलंय. दोन्हींना उद्या उत्तर द्यायचं. आज प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. बोट पडलं वंशावळीवर! पुन्हा उघडलं, तर मंदिराची लांबीरुंदी. तिसऱ्यांदा बोट ठेवताना मला कळत होतं, की मी लग्नाला होकार देणारं वचन शोधते आहे. का? लेक जवळ राहावी म्हणून?

अक्का, माझी थोरली बहीण, दारात वाती वळत बसली होती. आमचा बाप्तिस्मा झाल्यापासून ती इथलं पाणी पीत नाही, पण भेटायला येते. हसून म्हणाली, "देवले इचारं, पोथीले तीनदा इचारं. पोरले इचारं का वं?"

माझं बोट पानावरच राहिलं. खरंच, मार्थाला घरात कुणीच विचारलं नव्हतं.

मार्था मागच्या दारी कंदिलाच्या काचा पुसत होती. विचारलं, तर रडायलाच लागली. "आई, महिनाभर मी देवाकडे एवढंच मागत होते. कुणीतरी मला विचारावं."

"मग तुला काय हवंय?"

"शिकायचंय गं."

पुण्याला होकाराचं पत्र लगेच लिहिलं. पण अंगावरचा काटा जात नाही. मी पानं उलटत होते, आणि माझ्या देवाचं उत्तर दारात बसून महादेवाच्या दिव्यासाठी वाती वळत होतं.