माझा आंतरराष्ट्रीय झेल

३ मार्च, सकाळी ७
निवड झाली! ज्येष्ठांच्या बेसबॉल संघातून परदेशी स्पर्धेला चाललो. वय अडुसष्ट. कॅप्टनने, म्हणजे चौकातल्या सलूनवाल्याने, फोनवर एवढंच विचारलं की पासपोर्ट आहे का. आहे म्हटलं. लगेच घेतलं. माझा खेळ त्याने आधीच हेरलेला असणार.

ही हसली. म्हणाली, तुम्ही चावी विसरता, मी तिसऱ्या मजल्यावरून टाकते, आजवर एकदा तरी झेललीत का? चावी वेडीवाकडी येते, हे हिला कोण सांगणार.

५ मार्च
हिने अट घातली. तिकडे एक तरी झेल घ्यायचा. नाही घेतला तर माझा बेसबॉलचा हातमोजा तिचा, गरम पातेली उतरवायला. मान्य केलं. एक झेल म्हणजे किरकोळ.

११ मार्च
उद्यापासून पहाटे पाचला पळणे.

१२ मार्च
गुडघा. मोठ्या स्पर्धेआधी दुखापत नको.

१८ मार्च
सराव. माझी जागा मैदानाचं उजवं टोक. कॅप्टन म्हणाला, काका, मागे व्हा. अजून मागे. पाठ कुंपणाला टेकली. एवढी मोकळी जागा एकट्यावर सोडतात म्हणजे विश्वास आहे.
एकच चेंडू आला. तोही रिटायर्ड पोस्टमनने माझ्यापुढून पळत येऊन घेतला. हावरट.

३० मार्च
बॅग भरली. दोन चष्मे, गुडघ्याचा पट्टा, पोटाच्या गोळ्या. गोळ्या पुरतील ना? परत मोजल्या.

२ एप्रिल, परदेश
पहिली मॅच. नऊ डाव उभा. चेंडू नाही. समोरचे घाबरून असावेत. पाय सुजले.

३ एप्रिल
चेंडू आला, डोक्यावरून गेला. फार उंच होता. हा धरत नाही.

४ एप्रिल
शेवटची मॅच. एका धावेने पुढे होतो, शेवटचा एकच गडी बाद करायचा. चेंडू सरळ माझ्याकडे, अगदी सावकाश. पोस्टमन ओरडला, काका, तुमचाच! मीही ओरडलो, माझाच! हातमोज्यात आला. मग गेला. त्यांच्या दोघांनी धावा पूर्ण केल्या, आम्ही हरलो.
कारणं: हातमोजा निसरडा. सूर्य डोळ्यांत.
बसमध्ये कॅप्टन म्हणाला, काका, सकाळपासून आभाळ भरलंय. म्हटलं, ढगामागे सूर्यच असतो. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

५ एप्रिल
हिला फोन. सांगितलं, झेल जवळजवळ घेतला. म्हणाली, जवळजवळ उतरवलेलं पातेलं पायावर पडतं.

८ एप्रिल, घरी
चावी विसरलो होतो. खालून हाक मारली. हिने खिडकीतून पाहिलं, पण चावी टाकली नाही. दोरीला पिशवी बांधून अलगद खाली सोडली. सगळी बिल्डिंग बघत होती.
वर गेलो. हिने नुसता हात पुढे केला. हातमोजा दिला.
संध्याकाळी तिने त्यात धरून दुधाचं भरलेलं पातेलं उतरवलं. थेंब सांडला नाही.
चार तारखेच्या नोंदीतलं हातमोज्याचं कारण खोडलं. सूर्याचं राहू दिलं.