पिकअपचा सायलेन्सर बदलावा की नाही

८ जानेवारी १९९६, कराड
मुकुल जेवताना पुन्हा सायलेन्सरवर घसरला. म्हणे, "आई, तुझी पिकअप गल्लीत शिरली की फडताळातली भांडी वाजतात." अतिशयोक्ती. वडिलांवर गेलाय. मला तर गाडी छान गुणगुणते असंच वाटतं. आणि आवाजातलं मला कळतं. कॉन्व्हेंटच्या क्वायरमध्ये पहिल्या रांगेत होते.
शिवाय हे अडतीवरून निघून वळणावर आले, की हाच आवाज ऐकून मी चहा टाकायची. हे गेले. आवाज तरी राहू दे.
निश्चय : सायलेन्सर बदलायचा नाही.

९ जानेवारी
मुकुलच्या समाधानासाठी दादासो मिस्त्रीला गाडी दाखवली. खालून गंजाची पापडी घेऊन बाहेर आला. "आवं काकू, पार चाळण झालीया. पिकअप न्हवं, मळणीचं यंत्र हाय ह्ये!" नुसता पॅच मारला तर टिकणार नाही, पुढून मागपर्यंत नवा पाइप आणि मोठा सायलेन्सर हवा म्हणाला. हे सगळं त्याला दोनदा सांगायला लावलं. हल्ली मिस्त्री लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.
विचार करते म्हटलं. विचार झालेलाच आहे. नाही.

१० जानेवारी, संध्याकाळ
भार्गवी (सून, गुणी आहे) भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, यांना गाडीची नाही हो, तुमच्या कानांची काळजी वाटते. सगळ्या गल्लीला ऐकू येतं, तुम्हालाच कसं नाही?" मग मुकुल आला. स्पष्टच म्हणाला, किल्ली माझ्याकडे दे, सांगलीला एसटीने जात जा.
एसटी! दर गुरुवारी विनोदिनीकडे मी आमच्या गाडीनेच जाते. शाळेपासूनची मैत्रीण, आता अंथरुणाला खिळलेली. मी गेले की उशीला टेकून बसते, मग आम्ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरच्या नकला करतो. किल्ली गेली की मी मुकुलच्या सवडीवर.
निश्चय : सायलेन्सर ताबडतोब बदलायचा. तक्रारच संपली की किल्लीचा विषय संपला. यांचा आवाज काय, माझ्या मनात आहेच.

१३ जानेवारी
बसवला. दादासो खूश. "आता मांजरागत चालतीया बघा." मुकुलने किल्लीचं नाव काढलं नाही. जिंकले.

१८ जानेवारी, गुरुवार
नव्या सायलेन्सरमध्ये दोष आहे. धूर आतल्या आत कोंडत असणार, कारण इंजिन सारखं बंद पडतं. इस्लामपूरच्या नाक्यावर पुन्हा स्टार्टर मारला, तर किल्ली हातात करकरली. पेरूवाली तिथून ओरडली, "आवं बाई, चालूच हाय की गाडी!" तिला काय कळतं इंजिनातलं!
गिअर कधी बदलायचा तेही समजेना. सांगलीपर्यंत बहुधा दुसऱ्यावरच गेले. रेडिएटर उकळला. पोचले तेव्हा विनोदिनी वाट पाहून झोपी गेली होती. तिचा हात धरून बसले आणि परत निघाले.

१९ जानेवारी
दादासोला म्हटलं, जुना सायलेन्सर परत लाव. तो म्हणाला, भंगारात गेला. मग माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, गाडीला काय बी झाल्यालं न्हाई." मुकुलला यातलं काही सांगू नकोस, असं बजावून आले.
त्याने सांगितलंच.

२१ जानेवारी, रविवार
मुकुलने अंगणात उभं केलं, पिकअपकडे पाठ करून. म्हणाला, "इंजिन चालू आहे की बंद, एवढंच सांग. बरोबर आलं तर किल्ली तुझी, पुन्हा विषय काढणार नाही."
नीट कान दिला. घाई केली नाही. आणि ठामपणे सांगितलं, बंद.
भार्गवीने पदर डोळ्यांना लावला. वळले, बॉनेटवर हात ठेवला. हात थरथरायला लागला.
मी म्हटलं, "वय झालं रे, हल्ली हातच कापतो."
मुकुलने खिडकीतून आत वाकून किल्ली फिरवली.
हात कापायचा थांबला.