रुहामा म्हणजे काय

१२ जून
पोरगी घरी आली! माझी पोरगी. दोन वर्षांची. शिशुगृहातून निघाल्यापासून शिरूरपर्यंत माझा पदर मुठीत धरून बसली.

दारात सासूबाईंनी (मी त्यांना आत्याबाई म्हणते) भाकरतुकडा ओवाळला. मग विचारलं, "नाव काय म्हणलीस?"

"रुहामा."

"आगं, हे कसलं नाव!"

१३ जून
सोमनाथ सकाळी गिरणीवर जाता जाता म्हणाला, "लोक इचारतेत, मुसलमानाची हाय का ख्रिश्चनाची. शाळंत काय सांगायचं मनिषा?" मला त्याचा राग नाही. कागदावर बाप म्हणून सही करायला हाच आधी पुढं झाला होता.

आत्याबाईंनी नाव ठरवलंय — संस्कृती. बारसं बावीस तारखेला, रविवारी.

१५ जून
दिवसभर सगळे संस्कृती, संस्कृती. पोरीनं मान वर केली नाही. संध्याकाळी शेळीच्या करडापाशी बसली होती, मी हळूच म्हणाले, "रुहामा." झटकन वळली. आणि हसली! पहिल्यांदा.

हिच्याजवळ स्वतःचं असं दुसरं काय आहे? तेही काढून घ्यायचं?

१६ जून
अंजनाताईंना फोन केला. शिशुगृहात रुहामाला त्यांनीच सांभाळलं, नावही त्यांनीच ठेवलेलं.

म्हणाल्या, "हिब्रू नाव आहे. बायबलमध्ये एका मुलीचं नाव आधी लो-रुहामा होतं. लो म्हणजे नाही. जिच्यावर कुणी दया केली नाही, ती. पुढं देवाचा राग निवळला, आणि तो 'लो' गळून पडला. राहिली रुहामा. जिच्यावर दया झाली, ती."

मी म्हणाले, आमच्याकडं म्हातारी माणसं रहम म्हणतात, तसंच का? ताई हसल्या. "तसंच. रहम अरबीतला. दोन्ही भाषा बहिणी. आणि हिब्रूत रेहेम म्हणजे गर्भाशय. दयेचा शब्द तिथूनच आलाय म्हणतात."

गर्भाशय, म्हणजे आपली पिशवी.

माझी पिशवी सव्विसाव्या वर्षी काढली. ऊसतोडीला होतो. अंगावरून जायचं, पोट दुखायचं. खाडा झाला की मुकादम बोलायचा. गाठ आहे, काढून टाका, असं डॉक्टर म्हणाला. टोळीतल्या कितीतरी बायांनी काढलेली. मीही काढली. मूल व्हायच्या आधीच. नंतर वाटायचं, पिशवीबरोबर माझ्यातलं आईपणही गेलं.

आणि या पोरीच्या नावातच तो शब्द!

१८ जून
जेवताना सगळं सांगितलं. पिशवीचा आणि नावाचा शब्द एकच, हेही. सोमनाथनं पोरीला घास भरवला. शेवटी म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे तेच नाव."

आत्याबाई भडकल्या. "ऱ्हाऊ दे कसं? बाया हसतील पोरीला!" जरा वेळानं मात्र विचारलं, "त्या गोष्टीतल्या पोरीला असलं वंगाळ नाव ठेवलं कुणी?"

"बापानं. देवानं सांगितलं म्हणून."

"आन् मंग बदललं?"

"बदललं."

ताटात भाकरी तशीच ठेवून उठल्या.

१९ जून
आत्याबाई बोलत नाहीत. माझ्याशीच नाही, कुणाशीच.

२१ जून
उद्या बारसं. शेजारणींना आवतण गेलं, संस्कृतीच्या नावानं. मी ठरवलंय, चारचौघींत भांडावं लागलं तरी भांडायचं.

२२ जून
भांडावं लागलं नाही. सोमनाथला बहीण नाही, म्हणून नाव सांगायला आत्याबाईच बसल्या. पोरीला मांडीवर घेतलं, कानाशी वाकल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रुहामा."

बाया गेल्यावर चुलीपाशी आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चंद्रभागा हे माझं सासरचं नाव. माहेरी मला नकुशी म्हणायचे."