मामांचा होकार

हॅम्बुर्गच्या मामांना,

आपल्यात भाचीच्या शिक्षणात शेवटचा शब्द मामाचा, बापाचा नव्हे. तरी काल मी तुम्हाला न विचारता तुमच्या हॅम्बुर्गच्या विद्यापीठातली जागा सोडली आणि तूरिनची घेतली. तिथे आपलं कुणीच नाही, म्हणूनच. तुमच्या घरी मी आधी तुमच्या मुलांची आया झाले असते, हे आईला सांगता येईना.

"तूरिनचं माझ्या भावाला विचारलंस ना गं?" फुफूसाठी उकडलेले कंद कांडता कांडता ती म्हणाली.

"विचारलं."

"मग?"

"हो म्हणाले."

मुसळ टाकून ती आळीभर सांगून आली, "भाऊ असावा तर असा!"

चर्चहून परतली की ती तुमचे आभार मानायला फोन करणार आहे. त्याआधी मला तुमचं एक खोटं 'हो' हवंय, आणि मागायची हिंमत होत नाही.

तुमची भाची,
अफ्रियी