रुमाल उचलला तो उचलला

खांडबारा,
ता. ११ मार्च १९६२

तीर्थरूप हिंमतमामांस गिरधरचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तुम्ही रागात असाल, पण तब्येतीनं बरे असाल असं धरून चालतो. जसोदामामींच्या कानाचा ठणका थांबला का? इथे स्टेशनाजवळ एक जण कानात लसणाचं तेल घालून देतो. त्याच्या स्वतःच्या कानात मात्र इंजिनाची शिटीसुद्धा शिरत नाही, म्हणून मामींना आणा असं म्हणत नाही.

तुमचे बैल ठणठणीत आहेत. त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

मगनदादा तुमचा निरोप घेऊन आला. माफी माग, परत आडतीवर बस, पुन्हा रुमालाखाली हात घाल, मग दुकानाची गादी तुझीच. मामा, तो हात तुम्हीच तयार केलात. ओसरीवर बसवून शिकवलंत, कुठलं बोट दाबलं की काय भाव, तळवा खाजवला की सौदा मोडला. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटं दाबणार, आणि मिरची ज्याची, तो समोर उकिडवा बसून नुसता रुमाल हलताना बघणार.

त्या दिवशी बाज्याची मिरची होती. ढीग असा लाल, की अख्खा बाजार शिंकत होता. त्याची बायको फुलीबाई मला म्हणाली, "भाऊ, त्या फडकाखाले काय शे? मिरची ते आमनी शे." मी रुमाल उचलला आणि बोटांत होता तो भाव ओरडून सांगितला. तुम्ही बाज्याला जो सांगितला असता, त्याहून तो चढा होता. हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. आता बाजाराला ठाऊक.

तुम्ही चारचौघांत ओरडलात, "तुन्ही मायनी तुले मन्हा पदरमां टाकं, आनि आज तू मन्हाच रुमाल उचलस?"

हो, उचलला. गादीवर लोडाला टेकून तुम्हीच सांगता ना, सरकारनं बाजारात हात घालू नये, बाजार मोकळा सोडला की देश आपोआप वर येईल? अहो, मलाही मोकळाच हवा! पण ज्याचा माल त्यालाच भाव कळत नाही, तो बाजार मोकळा कसला? आणि असा देश वर आला, तर बाज्याला कोण हात देऊन वर घेणार?

मला वाटलं होतं, भाव उघडा झाला की बोली चढेल. कसली चढते! सगळे व्यापारी एक झाले, चहा पीत बसले, मिरचीकडे कुणी बघेना. बाज्या म्हणाला, "आते काय, गिरधरशेठ?" शेठ! असा टोमणा तुमच्या दुकानातही कधी खाल्ला नव्हता.

आता बैलांचं. तुम्ही तणतणत रेल्वेनं निघून गेलात, गाडी-बैल माझ्यापाशी राहिले. त्याच गाडीतून पोती स्टेशनावर नेली. बाज्या आणि मी सुरतेला गेलो. ज्या पेढीवर गेलो, तिथे भाव तोंडानं बोलले. चांगला मिळाला. बाज्यानं लोखंडी नांगर आणला. फुलीबाईनं तो पाडाभर असा दाखवला, जणू घरात सून आली. पुढच्या बाजारी आणखी दोन पाड्यांची पोती तुमच्याच गाडीत चढली.

आणि त्या खेपेला सुरतेचा भाव पडला. हसलात ना? मी तर तोंड लपवत फिरत होतो. बाज्याच मला शोधत आला. म्हणाला, "पडना ते पडना. पन माले कळनं तरी."

मामा, एवढं ऐकल्यावर गादीवर कसा बसू?

गाडी-बैल मगनदादासोबत परत पाठवतोय, पोटभर वैरण घालून. ते नसले तर पोती डोक्यावर न्यावी लागतील. नेऊ. माफी मागणार नाही.

येत्या बाजाराला बाज्याच्या ढिगापाशी मी उभा असेन. तुमच्यासारखी मिरचीची पारख या भागात दुसऱ्या कुणाला नाही. या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा भाव बोला. रुमाल मामींपाशी ठेवून या. कानाला बांधायला होईल.

दोन्ही हात उघड्यावर जोडून,
तुमचाच भाचा
गिरधर