छपरावरची राख

हेमाए बेट, नोव्हेंबर १९७३

प्रिय स्वाला,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर केला. तू लिहिलंस, तुझा नवरा केटिल तिकडे पूर्वेच्या बंदरातच राहणार आहे, नाताळलाही येणार नाही, आणि नाही आला तरी तुला आता फरक पडत नाही. ते वाचलं आणि जिना घासायला घेतला. ज्वालामुखीची राख अजून निघतेच आहे. गादी झटकली की काळी धूळ, साखरेच्या डब्यातसुद्धा काळी धूळ. पण घर उभं आहे. काचा शाबूत आहेत. रस्त्यात भेटणारी माणसं म्हणतात, ओद्नी, तू नशीबवान. मी मान खाली घालते. तुमच्या घराकडे जाणारा रस्ता आता बेकरीच्या पुढे संपतो. तिथून थिजलेल्या लाव्हाची, काळ्या दगडाची भिंत सुरू होते, दोन माणसं एकावर एक उभी केली तरी वरचं दिसणार नाही अशी. पाऊस पडला की तिच्यातून अजून वाफ निघते. तुझं स्वयंपाकघर तिच्याखाली नेमकं कुठे असेल याचा मी अंदाज करते आणि परत फिरते.

काय वर्ष गेलं, बाई. जानेवारीत गावाच्या कडेला जमीन फाटली तेव्हा आपल्याला वाटलं, यापुढे दुसरी बातमीच असणार नाही. पण देशाला कुठे थांबायचं होतं. आपण सगळे बेट सोडून राजधानीत गुद्लॉग मावशीच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने झोपत होतो, तेव्हा बाहेर मासेमारीच्या हद्दीवरून इंग्रजांच्या वकिलातीवर लोक दगड मारत होते आणि आपल्या गस्ती बोटी त्यांची जाळी कापत होत्या. मग अमेरिकेचे आणि फ्रान्सचे अध्यक्ष राजधानीत आले. मावशी म्हणाली होती, दोघांना इथेच आणा, न्हाणीघर तेवढं मोकळं आहे. तू हसली होतीस. ह्या वर्षात तुला हसताना मी तेवढंच पाहिलं. आता मासेमारीचा तंटाही मिटला म्हणतात. इथे मासळीच्या कारखान्यात पुन्हा भोंगा वाजतो. ऑगस्टमध्ये पफिन पक्ष्यांची पिल्लं नेहमीसारखी दिव्यांना भुलून रस्त्यात पडली आणि त्यांना समुद्रात सोडायला पोरं कमी, म्हणून आम्ही म्हाताऱ्याच खोकी घेऊन फिरलो. तुझ्या लेकीची, हेर्दिसची आठवण झाली.

मावशीच्या घरचा तो रविवार तू विसरली नसशील. मी तर नाहीच. मार्चअखेरीला लाव्हा पूर्वेकडच्या गल्ल्यांत शिरला, तुमचं घर गेलं, आणि केटिल रिकाम्या हातांनी परत आला. सामान आणायला त्याला ट्रक मिळाला होता हे आपल्याला ठाऊक होतं. आईची पायपेटी, तुझ्या लग्नातली भांडी, हेर्दिसचा जुना पाळणा, काहीच आलं नाही. तू विचारलंस, काय झालं? तो म्हणाला, उशीर झाला. एवढंच. मग कॉफी पिताना मी सगळ्यांदेखत बोलले. आमच्या माणसाने छपरावर उभं राहून, राख उपसून अख्खं घर राखलं, म्हटलं, आणि तुला एक पेटी उचलता आली नाही होय रे? पाय काय मावशीकडे ठेवून गेला होतास? तू उठून न्हाणीघरात गेलीस. केटिल कपात चमचा फिरवत राहिला. साखर तो घेतच नाही. आणि त्याच्यासमोर माझा हाफ्लिदी बसला होता, ताटलीकडे बघत. मला वाटलं, किती नम्र माणूस आहे माझा.

गेल्या रविवारी दुपारी कारखान्याच्या जेवणघरात, ज्यांनी इथे राहून घरं वाचवली त्यांचा सत्कार झाला. कॉफी, केक, दोन भाषणं. एकेकाचं नाव पुकारत होते, तो उठला की टाळ्या. हाफ्लिदीचं नाव आलं. तो उठेना. मी कोपराने ढोसलं. म्हटलं, अहो, उठा, लोक बघतायत. तो उठला, पण दाराकडे वळला आणि तसाच बाहेर चालता झाला. लोक हसले, लाजाळू आहे म्हणाले. मी मागोमाग घरी आले. तो कोट न काढता स्वयंपाकघरात बसला होता. म्हणाला, ओद्नी, ते छप्पर मी नाही राखलं.

ते मी तुला त्याच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत सांगायला गेले तर मी त्याला सावरून घेईन. तुमचं घर गेलं त्या दिवशी तो आमच्या छपरावर एकटाच राख ओढत होता. वासे करकरत होते. आकाशातून पेटता दगड आला आणि त्याच्या शेजारी पत्रा फोडून आत गेला. त्यानंतर त्याचे हातपाय हलेनात. तो धुराड्याला मिठी मारून बसला आणि रडू लागला, लहान मुलासारखा, मोठ्याने. केटिल ट्रक घेऊन तुमच्या घराकडे निघाला होता. त्याने ते ऐकलं. शिडीने वर गेला, ह्याची बोटं एकेक करून सोडवली, ह्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. ह्याने चड्डी ओली केली होती. केटिलने स्वतःचा कोट त्याच्या कमरेला गुंडाळला, त्याला ट्रकमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, ह्याला बंदरावर ने, चक्कर आलीय, आधी काहीतरी गरम पाज. हा म्हणाला, अरे, तुझं सामान? केटिल म्हणाला, साडूभाऊ, ट्रक येईलच परत. तोवर हे छप्पर राखेच्या ओझ्याने खाली बसेल ना.

ट्रक परत आला तोवर तुमच्या गल्लीत जायला वाट उरली नव्हती. केटिल आमच्या छपरावर फावडं मारत होता आणि तिथूनच त्याने तुमचं घर पेटताना पाहिलं. नंतर बंदरावर हाफ्लिदी त्याच्या पाया पडायला निघाला तेव्हा तो एवढंच म्हणाला, झालं ते तुझ्यामाझ्यात. बायकांना घाबरवू नकोस.

स्वाला, मी रात्रंदिवस केटिलचाच विचार करते. त्याने तुलाही सांगितलं नाही. तू त्याला विचारत राहिलीस, मग विचारायचं सोडलंस, मग त्याच्याकडे बघायचंही सोडलंस, आणि तो बोटी पकडून दूर निघून गेला. आणि मी ह्या घरात दर शनिवारी त्याने वाचवलेल्या छपराखाली केक भाजते. हाफ्लिदीवर मी आधी ओरडले. मग लक्षात आलं, तो भिऊन गप्प होता, पण मला तर कोणी बोलायलाही सांगितलं नव्हतं. त्या कॉफीच्या टेबलावर मी हौसेने बोलले. तू नवऱ्यावर रागावलीस ती दुःखाने. मी रागावले ती मोठेपणा मिरवायला.

हे मी टपालाने पाठवू शकले असते. हाफ्लिदी नको म्हणाला. त्याला तुला तोंडाने सांगायचं होतं, पण चार वेळा माझ्यासमोर म्हणून बघितलं आणि धुराड्याच्या पुढे त्याचा शब्द जाईना. म्हणून म्हणाला, तू लिही, मी नेऊन देतो, आणि ती वाचून होईपर्यंत मी जिन्यात उभा राहतो. तुझ्याकडून पुढे तो पूर्वेला केटिलकडे जाणार आहे. तिथल्या बोटीवरच्या सगळ्यांसमोर सांगणार आहे म्हणतो, सांगता येईल की नाही देव जाणे. तुझं मन झालं तर त्याच्याबरोबर जा. तिकिटाचं बघू नकोस. नाही झालं तर मी समजेन. मीही येणार होते, बॅगही भरली होती. ह्या धक्क्यापर्यंत आले आणि तुझ्यासमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही; जाळ्यांच्या ढिगामागे बसून हे शेवटचं लिहितेय, पत्र त्याच्या हाती देऊन बोट सुटेपर्यंत इथेच थांबेन. तेव्हा भित्रं कोण ते तूच ठरव. पण तो आलाय. बाहेर गारठा असेल, त्याला आत घे.

तुझीच, तोंड लपवून बसलेली ताई,
ओद्नी