दिवाळी अंकातलं घर

३ फेब्रुवारी

माझा लेख अखेर कुणीतरी शेवटपर्यंत वाचला — माझ्या नवऱ्याच्या, मिहिरच्या वकिलानं. इंग्रजी भाषांतर करून हायकोर्टात लावलाय. गेल्याच्या आदल्या दिवाळी अंकातला, टोरांटोच्या घरावरचा. शेवटचं वाक्य: ‘माझ्या लेकीचं घर आता हेच.’ तेव्हा मला फार आवडलं होतं ते.

मे महिन्यात निधीला घेऊन सुट्टीसाठी म्हणून मुलुंडला आले, परत गेलेच नाही. पोरगी कुणाकडे राहील ते तिकडचंच कोर्ट ठरवेल, असं मिहिरचं म्हणणं. माझं म्हणणं, इथलं. नऊ वर्षांच्या पोरीसाठी दोन देश. आणि माझ्याविरुद्ध साक्षीदार कोण, तर मीच.

४ फेब्रुवारी

शीतल माझी वकील, कॉलेजातली मैत्रीण. घाटकोपरला तिच्या ऑफिसात वैतागून म्हणाली, “घरच सुचलं का गं तुला? झाडंबिडं लिहायची ना यार.” मग तिनंच तोड काढली — शपथपत्रात म्हणायचं, लेख काल्पनिक आहे.

वीस वर्षं समीक्षक म्हणतायत, बाईंकडे कल्पनाशक्ती नाही. आता शपथेवर सांगायचं, आहे.

सोमवारी सही.

५ फेब्रुवारी

आई म्हणाली, “कर की सही. एरवी तरी तुझं कोण खरं मानतंय?”

७ फेब्रुवारी

निधीनं तो अंक शोधून काढला. “वाचून दाखव.” वाचला. मध्येच म्हणाली, “पायऱ्या पाच नाहीत, सहा. खालची बर्फात असते, तुला दिसलीच नसेल.” मग सुटलीच. खारीसाठी बाबानं ठेवलेला डबा. स्वयंपाकघरात पायाला कुठली फरशी गार लागते. तिच्या खिडकीची कडी कशी अडकते.

नऊ महिन्यांत यातलं अक्षर बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं. आणि म्हणे सूक्ष्म निरीक्षणाची लेखिका!

“इथे किती पायऱ्या गं?” मी विचारलं.

“इथे लिफ्ट आहे ना.”

९ फेब्रुवारी

सही केली नाही. शीतलला सांगितलं, लेख खरा आहे, एक पायरी सोडून. तिकडचं कोर्ट ठरवू दे. मी निधीला घेऊन जाते.

“हरशील तिथे,” ती म्हणाली.

जायची तिकिटं दोन काढलीत, परतीचं फक्त माझं.